पुढची सीट

ऋजुताने मीटरचं लाल टोक स्विचच्या मागच्या पिनेला लावलं, काळं टोक दाराच्या पत्र्याला, आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहिली. बारा पूर्णांक पाच व्होल्ट. गेल्या मंगळवारी हाच आकडा होता. त्याआधीच्या शनिवारीही हाच.

"काय गो, गावला का?"

डाव्या सीटवर पुंडलिक मांडी घालून बसले होते. चपला त्यांनी दाराबाहेर, देवळात शिरताना काढाव्यात तशा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"नाही बाबा. इथपर्यंत सगळं बरोबर आहे."

"मग जे बरोबर नाय ते त्याच्या पुढं असंल."

हे मात्र खरं होतं. तिने तसं मान हलवून कबूल केलं आणि सीटखाली हात घातला.

जानेवारीतली सकाळ होती. वडखळकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुकं अजून उचललं नव्हतं. महिपतीच्या गॅरेजसमोरून जाणारी वाहनं आधी आवाजाने येत, मग दिव्यांनी, आणि अगदी शेवटी दिसत. शेजारच्या कारखान्यात रंग न लावलेले पांढरे गणपती उन्हाची वाट पाहत ओळीने उभे होते. धुक्यात त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या.

गाडी पुंडलिकांच्या मुलाची, निकेशची. तो डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. हिमाचलात राहून आलेल्या एका साहेबांकडून त्याने ती जुनी घेतली होती. तिच्या पुढच्या दोन्ही सीटच्या कापडाखाली बारीक तारा होत्या. स्विच दाबला की सीट गरम व्हायची. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा महिपती, ज्याला सगळं गॅरेज मामा म्हणे, पोट धरून हसला होता. "मे महिन्यात पेणमधली कुठलीबी सीट गरमच असते. त्याला स्विच कशाला लागतो?"

तक्रार तेव्हाही एकच होती: बाबांच्या बाजूची सीट गरम होत नाही. ऋजुताने दोनदा तपासलं होतं. दोन्ही वेळा निकेशने स्वतः बसून पाहिलं आणि झकास म्हणून गाडी नेली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी फोन आला, बाबा म्हणतात थंडच आहे.

आज तो गाडी आणि बाबा, दोघांनाही ठेवून मित्राच्या बाइकवरून शिफ्टला गेला होता. जाताना मामाला म्हणाला होता, "यांचं समाधान झालं की मगच गाडी द्या. सोमवारी मिठागरात तळ बघायचाय. मला पहाटे धरमतरला सोडायचंय यांना. रस्ताभर हेच ऐकत जाऊ का?"

ऋजुता रोह्याची. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली तेव्हा शिक्षक वडिलांना वाटलं होतं, आता बीएड करेल. तिला मात्र बिघाड शोधायला आवडायचं. सकाळच्या गाडीने ती पेणला यायची. निडीच्या आसपास खिडकीबाहेर पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही, आणि तेवढा वेळ तिच्या डोक्यातही तसंच काहीसं असायचं. गॅरेजमध्ये मात्र सगळं स्वच्छ होतं. इथे करंट आहे, तिथे नाही; मग दोष या दोघांच्या मध्ये. मधलं अंतर अर्धं करायचं, पुन्हा अर्धं करायचं. बिघाड कुठेतरी असतोच.

म्हणूनच ही गाडी तिला सलत होती.

तिने सीटखालचा कपलर, म्हणजे सीटला करंट पोचवणारा जोड, सोडवून पाहिला. पिना चकचकीत होत्या, गंज नव्हता. तारांचा रोध तीन ओहमच्या जरासा वर, स्विच दाबल्यावर करंट चार अँपिअर. दहा मिनिटं थांबून तिने सीटवर थर्मामीटर ठेवला. बाहेर चोवीस होते, सीटवर एकोणचाळीस. मग तळहात ठेवला. कापड छान ऊबदार लागलं.

"मामा, जरा हात लावून बघा."

मामाने हात पुसून लावला. "इस्त्री केल्यावाणी."

"बाबा, आता बसा."

पुंडलिक पुन्हा मांडी घालून बसले. डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"नाय. थंडच हाय."

"पाठीला पण?"

"पाठीला लागतं जरासं. पन पाठीचा काय भरवसा? पाठ कापडात असते. पायाला लागला पायजे."

ऋजुता थबकली. ते बसतात कसे, याचा तिने तीन वेळांत विचारच केला नव्हता. मांडीखाली दोन्ही तळवे कापडावर दाबून ठेवलेले. रुंद, करडे, टाचेला भेगा पडलेले पाय.

"घरातलं आणखी कुणी बसलं होतं का या सीटवर?"

"धोंडू बसलेली, निकेसची आय, परवा बाजाराला आलो तवा. बोलते, उतरवा मना, भाजले." ते हसले. "तिचं काय. चाळीस वर्सं झाली, तिला माझ्या घरातलं सगळंच भाजतं."

"धोंडुबाईंना विचारायला पायजे, कोण जास्त भाजतं, सीट का तुमी," मामा बॉनेटमागून ओरडला. "आणि चपला घाला हो. खाली तारांचे तुकडे हायत, पायात शिरतील."

"मिठागरातल्या पायाला तार काय करनार?"

ते उतरून अनवाणीच गाडीच्या दाराशी स्टुलावर बसले. ऋजुताने चहा आणून दिला आणि विचारलं, "पायालाच का पण?"

त्यांनी तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं, जणू बारा पूर्णांक पाच म्हणजे काय असं कुणी तिला विचारावं. मग सांगायला लागले. मीठ पिकवायच्या आधी वाफ्याचा तळ करायचा असतो. खाडीचं पाणी घ्यायचं, चिखल पायांनी तुडवायचा, उन्हात सुकू द्यायचा, पुन्हा तुडवायचा. पंधरा-पंधरा दिवस. शेवटी तळ लादीसारखा होतो. पण वरून कच्चा आणि पिकलेला सारखाच दिसतो. कच्च्यात पाणी सोडलं तर चिखल वर येतो, आणि मग वर्षभर मातकट काळं मीठ, ज्याला भाव नाही. बारा घरं आहेत त्या मिठागरावर. ती बांधावर उभी राहतात आणि पुंडलिक एकटे तळावर उतरतात. ते व्हय म्हणाले की खाडीचं पाणी सोडायचं.

"आणि ते कळतं कसं?"

"कच्चा तळ खालून गार लागतो. पिकलेला कोमट. येवढंच." त्यांनी बशी खाली ठेवली. "येवढंच, पन ते डोल्यानं नाय होत."

ओलसर माती तळव्यातली ऊब पटकन ओढून घेते, कोरडी तशी घेत नाही. ऋजुताला ते लगेच पटलं, आणि कुठल्या पुस्तकात नसलेली गोष्ट पटल्याचा आनंद झाला.

"कुणी शिकवलं?"

"बापसानं. डोल्यावर फडका बांधायचा आनि वाफ्यात उभा करायचा. सांग, कच्चा का पिकला? चुकला की दिवसभर बांधावर बसायचा. काम नाय, बोलायचा नाय. मी दोनच दिवस बसलो."

धुकं आता विरळ झालं होतं. शेजारच्या गणपतींवर ऊन आलं आणि ते एकेक करून घट्ट, खरे झाले. पुंडलिक स्वतःच्या पायांकडे पाहत होते.

"पोरी, तुला टायम हाय आज?"

"आहे."

"मग माजे डोले बांध. तू सीट चालू कर, नायतर नको करू. मना सांगू नको. मी पाय ठेवून सांगतो."

तिला हे फार आवडलं. महिनाभर साध्या डायनमो आणि हॉर्नच्या कामांनंतर आज कुणीतरी तिला खरा प्रयोग सुचवला होता. तिने स्विचवरच्या बारीक दिव्याला काळी टेप लावली. बल्बच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून त्यावर दोन रकाने आखले. स्वतःच्या मनाचाही कल नको म्हणून नाणं काढलं. छापा आला तर चालू, काटा आला तर बंद. दहा मिनिटं थांबायचं, मग त्यांनी पाय ठेवायचे. नंतर दारं उघडी टाकून सीट पूर्ण थंड होऊ द्यायची, आणि पाऊण तासाने पुन्हा.

पुंडलिकांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर बांधला. स्टुलावर बसूनच हात मांडीवर ठेवले, पाय उचलून सीटवर.

"थंड."

तिने लिहिलं.

मधल्या वेळात तिने एका टेम्पोचं वायरिंग केलं. ते दाराशी स्टुलावर बसून राहिले. रस्त्यापलीकडच्या शेतावर बगळे उतरले होते आणि बराच वेळ त्यातला एकही हलला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी पाय ठेवले.

"थंड."

तिसऱ्यांदा थंड. चौथ्यांदाही थंड.

"सगल्या टायमाला बंदच ठेवलीस का गो?" टॉवेलखालून त्यांनी विचारलं.

"मधे सांगायचं नसतं, बाबा."

"व्हय. बापूस पन नाय सांगायचा."

आवाज हसरा होता, पण त्यांनी पाय सीटवरून लगेच उचलले नाहीत. बोटं कापडावर हलत राहिली, अंधारात वाट चाचपावी तशी. पुठ्ठ्यावरच्या चार ओळी ऋजुताने हाताने झाकल्या. ते पाहू शकत नव्हते, तरीही.

दुपारी मामा जेवायला घरी गेला. ऋजुताने डबा उघडला, अर्धी भाकरी त्यांना दिली. त्यांनी टॉवेल वर सरकवून ती खाल्ली.

पाचव्यांदा पाय अजून नीट टेकलेही नव्हते तेव्हा ते म्हणाले, "गरम."

बरोबर होतं. तिला बरं वाटलं, जरा जास्तच. सहाव्या वेळीही झटकन उत्तर आलं. "थंड." तेही बरोबर. ती लिहायला वाकली आणि पेन तसंच राहिलं. त्यांची मान डावीकडे कललेली होती. कान स्विचकडे होता.

चालू करताना स्विचचा बारीक खटका वाजत होता. बंद ठेवायची असेल तेव्हा ती त्याला हातच लावत नव्हती.

चूक तिची होती. एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात यायला हवी होती. पण ती तशीच उभी राहिली, कारण त्या चुकीच्या मागे दुसरी गोष्ट होती. ज्याला पायाने कळतं तो कान कशाला देईल?

तिने त्या दोन ओळींवर काट मारली. पुढच्या वेळी, ते पाणी प्यायला उठले असताना, तिने नाणं टाकलं, आणि काटा आला म्हणून सीटखालचा कपलर आधीच काढून ठेवला. मग ते बसल्यावर स्विच दाबला. खटका वाजला. आता दर वेळी तो वाजणार होता, सीट चालू असो वा नसो.

दहा मिनिटांनी त्यांनी पाय ठेवले. "गरम," ते म्हणाले. सीट थंडगार होती.

त्याच्या पुढच्या वेळी खटका वाजल्यावर त्यांनी कललेली मान सरळ केली.

"हुशार हायस," ते म्हणाले.

ऊन कललं होतं. पांढऱ्या गणपतींच्या सावल्या लांब होऊन गॅरेजच्या जमिनीवर आल्या होत्या, आणि त्या सावल्यांत स्टुलावर बसलेला, डोळे बांधलेला म्हातारा माणूस कुठेतरी फार दूर, पाण्यापलीकडे बसल्यासारखा दिसत होता. तो बोलू लागला तेव्हाही आवाज तिथूनच आला.

"दोन सालांमागं धोंडू बोललेली. तळ बघायच्या दिशी नाय उतरत ती, बायका उतरत नायत तवा. पन तुडवताना माज्या मागंच असते ना. बोलली, कच्चा हाय, दोन दिस थांबा. मी सगल्यांसमोर हसलो तिला."

"मग?"

"मग काय. काळा मीठ. सगली बोलली, अवकाळी पाऊस झाला म्हनून. मी पन तेच बोललो."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या साली मी तळावर उभा होतो आनि ती बांधावर. मी तिच्या तोंडाकडं बघून व्हय बोललो."

एवढं बोलून त्यांनी पाय पुन्हा सीटवर टेकवले, दाबले. "थंड," ते म्हणाले. मग, "नाय. लिही. थंडच लिही."

चालू होती.

आणखी दोनदा झालं. शेवटच्या वेळी उत्तर देऊन त्यांनी स्वतःच टॉवेल सोडला आणि उन्हामुळे डोळे बारीक केले.

"किती?"

तिने पुठ्ठ्यावरच्या ओळी पुन्हा मोजल्या, गरज नसताना. "चार."

"आठात?"

"आठात."

"तुज्या नान्याला पन तेवढेच आले असते."

नाणं टाकल्याचाही आवाज त्यांनी ऐकला होता तर. ते पाय खाली घ्यायला लागले तसा त्यांचा उजवा पाय तिच्या समोर आला. तळव्याच्या मध्यभागी रक्ताचा सुकलेला ठिपका होता, आणि ठिपक्यातून तांब्याच्या तारेचं टोक बाहेर आलेलं होतं.

"थांबा. पाय हलवू नका."

तिने चिमटा आणला, पाय मांडीवर घेतला आणि तार ओढून काढली. सेंटीमीटरभर तरी आत होती. त्यांचा चेहरा तसाच राहिला. ते तिच्या हाताकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाच्या पायाचं काम चालावं तसे.

"कवा शिरली?"

"सकाळीच असेल. साखर आहे का तुम्हाला?"

"हाय. गोली खातो, आठवली की."

"बाबा, डॉक्टरला पाय दाखवा. या आठवड्यात दाखवा. आणि अनवाणी चालू नका. खरंच सांगते."

"दाखवीन." त्यांनी तिच्या हातातून तार घेतली, तळहातावर ठेवून पाहिली. "पन सोमवार त्याच्या आदी येतो."

तिने जखम धुऊन पट्टी बांधली. तिला वाटत होतं की आता काहीतरी बोलायला हवं, दिलासा द्यावा असं. पण तिच्याजवळ फक्त ते पुठ्ठं होतं. ते त्यांनी मागितलं, उलटसुलट केलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"निकेस येईल आता," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला सांग, स्विच गेलेला. नवीन टाकला."

स्विच अजून तारांसकट बाहेर लोंबत होता. तिने तो खाचेत बसवला आणि दाबला. टक् आवाज होऊन तो जागेवर गेला. कपलर जोडला. मीटर बंद करून डब्यात ठेवला. हे सगळं ती करत असताना पुंडलिक तिच्या हातांकडे पाहत होते, आणि तिला माहीत होतं की ते पाहत आहेत.

बाइक आली, निकेशला सोडून गेली. अंगावर कंपनीचा गणवेश, हातात हेल्मेट.

"काय मॅडम, गावला का फॉल्ट? का मी आता गाडीच विकू?"

ती पुंडलिकांकडे न पाहता म्हणाली, "स्विच चांगला आहे."

"हे तिसऱ्यांदा सांगताय."

"तिन्ही वेळा चांगलाच होता."

निकेशने बापाकडे पाहिलं. "आता ऐकलं ना? सोमवारी काय बोलायचं नाय हां, सांगून ठेवतो."

पुंडलिकांनी दोन्ही चपला पायात घातल्या. पट्टीवरून पट्टा बसेना, तर वाकून हाताने बसवला. मग ते गाडीच्या पुढच्या दाराशी गेले आणि ते दार लोटून लावलं. मागचं दार उघडून आत बसले.

"बाबा, पुढं बसा ना. मागं कंबर धरते तुमची."

"हितंच बरा."

"आता रुसले. मॅडम, बघा आमचा बापूस."

"निकेस," मागून आवाज आला. "सोमवारी आयेला घ्यायची संगाती. तिला हितं पुढं बसव."

"आईला? तळाच्या दिवशी? ती बांधावर उभी राहून काय करनार?"

"बांधावर मी हाय."

निकेशने गाडीचं दार उघडलं, मग थांबला. त्याला काही कळलं होतं की नुसतंच विचित्र वाटलं होतं, ते ऋजुताला सांगता आलं नसतं. "पन तिला ती सीट सोसत नाय," तो म्हणाला. "परवा ओरडत होती, भाजते म्हनून."

"व्हय," पुंडलिक म्हणाले. "तिला भाजते."

त्यांनी मान मागे टेकवली. गाडी सुरू झाली, मागे-पुढे होत रस्त्याला लागली. वडखळकडून पुन्हा धुकं यायला लागलं होतं. थोड्या अंतरावर गाडीचे फक्त लाल दिवे उरले, मग तेही मऊ होत गेले.

हत्यारं उचलताना तिला आठवलं. स्विचच्या दिव्यावरची काळी टेप काढायची राहून गेली होती. फोन करून सांगावं म्हणून तिने मोबाइल हातात घेतला, निकेशचा नंबर काढला, आणि परत ठेवला. दिवा दिसला नाही तरी सीट चालू आहे की बंद, हे धोंडुबाईंना कळणारच होतं.